सागराचे गाऱ्हाणे

१७ ऑक्टोबर २००९. आपल्याकडे त्या दिवशी दिवाळी होती. लक्षद्वीपच्या दक्षिणेस मालदीवचे राष्ट्राध्यक्ष महंमद नशीद मात्र समुद्राच्या तळाशी मंत्रिमंडळाची सभा भरवून बसले होते! पाठीवर हवेची नळकांडी, बोलणे खुणांनी, आणि ठरावावर सह्या पाण्यातच. पुष्कळांनी याला तमाशा म्हटले. मला तो अर्ज वाटतो. ज्यांची बहुतेक जमीन समुद्रसपाटीहून मीटरभरही उंच नाही, त्यांनी अर्ज करायचा तो आणखी कोठे बसून? मागणी एकच : जगाने कार्बन डायॉक्साइड वायू कमी सोडावा. डिसेंबरात कोपनहेगनला परिषद भरली, आणि बंधनकारक असे काहीच न ठरवता उठली.

या वायूचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र मुकाट्याने पोटात घेतो. त्याने अडवलेल्या जादा उष्णतेपैकी तर नव्वद टक्क्यांहून अधिक. वर्गात मी सोडावॉटरचे उदाहरण देतो. तोच वायू, पाण्यात विरला की आम्लता आणणारा. मग कालवांना, पोवळ्यांना घर बांधायला लागणारा चुना दुर्मीळ होतो. समुद्र हे सारे सहज गिळील अशी शास्त्रज्ञांचीही समजूत होती. १९५७ साली कॅलिफोर्नियात रॉजर रेव्हेल व हान्स स्यूस यांनी तिला धक्का दिला.

तरी १९९२ चा रिओचा करार काय, १९९७ चा क्योटोचा काय, हिशेब सारा हवेचा. समुद्र आला तर वायूचे कोठार म्हणून. २०१५ च्या पॅरिस करारातही त्याचे नाव प्रस्तावनेत ओझरते येते, एवढेच.

तेव्हा बेटांनी दुसरी वाट धरली. समुद्र दूषित करू नये असे १९८२ चा सागरी कायदा राष्ट्रांना बजावतो. त्यात या वायूचे नावही नाही. अँटिग्वा-बार्बुडा आणि तुवालू यांच्या पुढाकाराने लहान बेटांचा आयोग हाम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणापुढे गेला : हवेतून उतरणारा वायू दूषणात मोडतो की नाही? २१ मे २०२४ रोजी न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, मोडतो. आणि पॅरिसचे वचन पाळले एवढ्याने राष्ट्रांची सुटका नाही. हे मत सल्ल्याचे आहे, जप्तीचा हुकूम नव्हे. पण गाऱ्हाणे दप्तरी दाखल झाले.

आणि वायू घटवून समुद्राला मिळणार काय? संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-मंडळाचा २०१८ चा अहवाल सांगतो : तापमानवाढ दीड अंशावर थांबली तरी पोवळ्यांचे सत्तर ते नव्वद टक्के खडक जातील, दोन अंशांवर गेली तर जवळजवळ सगळेच. पाण्याच्या उंचीत या दोहोंमध्ये शतकाअखेर फरक पडेल तो सुमारे दहा सेंटिमीटरचा, म्हणजे अर्ध्या वितीचा. १९८७ च्या लाटांनी माले शहर बुडवल्यावर जपानच्या मदतीने तिथे बांध घातला गेला. तो आणखी किती उचलायचा, हे त्या अर्ध्या वितीवर ठरेल.