खोडलेली रेघ

रिचर्ड डीबेनकॉर्न हे अमेरिकन चित्रकार १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे आले. तेथील सागरतीरावरील ओशन पार्क या वस्तीचे नाव त्यांनी १९६७ पासून आपल्या अमूर्त चित्रमालिकेस दिले. तीत समुद्र आकाराने दिसत नाही. त्याचा प्रकाश मात्र जाणवतो. खोडलेल्या रेघाही त्यांनी झाकल्या नाहीत. हीच वृत्ती त्यांच्या मुद्राचित्रांत आली. ‘ग्रीन’ (१९८६) हे त्यांपैकी प्रसिद्ध. ताम्रपटावरील रेघ पुसता येत नाही. ती खरवडून, घोटून काढावी लागते, आणि तरी तिची पुसट खूण ठशात उरू शकते. पाटी स्वच्छ पुसण्यास शिकलेल्या आपणांस हे ठसे सांगतात, की दुरुस्तीची खूण हीदेखील विद्येची नोंद असते.