‘डेडलाइन’ शब्द आला कुठून? एकेकाळी ही रेषा ओलांडली की थेट गोळी झाडली जायची

ऑफिसचा प्रोजेक्ट असो, कॉलेजची असाइनमेंट असो किंवा आयटी रिटर्न, ‘डेडलाइन’ हा शब्द आपण रोज वापरतो. पण या शब्दातला ‘डेड’ म्हणजे मृत्यू, तोही अगदी शब्दशः. आणि यातली ‘लाइन’ तारखेची नव्हे, तर जमिनीवरची होती.

गोष्ट आहे अमेरिकेतल्या यादवी युद्धाची. १८६४ मध्ये जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे दक्षिणेकडच्या सैन्याने युद्धकैद्यांसाठी छावणी उघडली. साधारण १० हजार जणांसाठी बांधलेल्या या जागेत ऑगस्टपर्यंत ३० हजारांहून जास्त कैदी कोंबले गेले. उपासमार, स्कर्व्ही आणि हगवणीने सुमारे १३ हजार जण दगावले.

छावणीभोवती उंच लाकडी तटबंदी होती. तिच्या आत सुमारे १९ फुटांवर खांबांवर फळ्या ठोकून एक साधं, बुटकं कुंपण केलं होतं. तीच ‘डेड लाइन’. ती ओलांडणाऱ्या कैद्यावर पहारेकरी गोळी झाडत.

युद्ध संपल्यावर छावणीचा प्रमुख हेन्री विर्झ याच्यावर खटला चालला. त्यात या रेषेचाही मुद्दा होता. १० नोव्हेंबर १८६५ रोजी त्याला फाशी देण्यात आली.

मग हा शब्द ऑफिसात कसा आला?

तुरुंगातून तो थेट न्यूजरूममध्ये गेला, असं सोशल मीडियावर अनेकदा सांगितलं जातं. पण मध्ये छपाईचा कारखानाही येतो. छपाई यंत्राच्या ज्या खुणेपलीकडचा मजकूर नीट छापला जात नसे, तिलाही ‘डेडलाइन’ म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी वर्तमानपत्रांत बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी हा शब्द रुळला. १९२० मध्ये तर ‘डेडलाइन अ‍ॅट इलेव्हन’ नावाचा मूकपटही आला. पुढे तो सगळ्याच कामांना चिकटला.

मराठीत याला ‘मुदत’ म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आलेला. त्याचा अर्थ रेषा नव्हे, तर कालावधी. म्हणूनच ‘मुदत’ वाढवून मागता येते. अँडरसनव्हिलच्या कैद्यांना मात्र त्या रेषेवर कसलीच सवलत नव्हती.