जयकेशीचा पोपट

गोमंतकावर राज्य केलेल्या कदंबांपैकी पहिला जयकेशी हा अकराव्या शतकातील मोठा पराक्रमी राजा. त्याचा शेवट कसा झाला? गुजरातेतील जैन ग्रंथकार मेरुतुंग याने ‘प्रबंधचिंतामणी’त दिलेले उत्तर विलक्षण आहे. राजाने आपल्या लाडक्या पोपटाला सोबत जेवावयास बोलाविले. पोपट मांजराला भ्याला. मांजर निघाल्यास तुझ्याबरोबर मीही प्राण देईन, असे राजाने वचन दिले. मांजर जवळच दडले होते. त्याने पोपटाला मारले आणि राजाने पोपटासह अग्निप्रवेश केला!

कथा गोड खरी. परंतु मेरुतुंगाने ती १३०५ साली, म्हणजे सुमारे सव्वादोनशे वर्षांनंतर लिहिली. वचन पाळणारा राजा हा प्रबंधकारांचा आवडता विषय. तेव्हा पोपट सोडून द्यावा. पण गुजरातच्या ग्रंथकाराला गोव्याच्या राजाची एवढी आठवण का असावी? जयकेशीची कन्या मयणल्लदेवी ही अणहिलवाड्याच्या कर्ण चालुक्याची राणी, प्रसिद्ध सिद्धराज जयसिंहाची माता. हे केवळ मेरुतुंग सांगत नाही. सिद्धराजाच्या दरबारी वावरलेला हेमचंद्र ‘द्व्याश्रय’ काव्यात तिला चंद्रपूरच्या जयकेशीची मुलगी म्हणतो. चंद्रपूर म्हणजे साष्टीतील आजचे चांदोर. गोपकपट्टणापूर्वी कदंबांची राजधानी तेथेच होती. दूरच्या कवीने हे नाव अचूक द्यावे, हाच पुरावा वजनदार आहे. शिवाय दोन्ही राज्ये समुद्राने जोडलेली. जयकेशीचा पिता षष्ठदेव सोमनाथच्या यात्रेस गेल्याचे कोरीव लेखच सांगतात.

आणखी एक घोटाळा आहे. कदंबांत जयकेशी एक नव्हे, तीन झाले. सप्तकोटेश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख असलेली, सिंहाची छाप असलेली सोन्याची नाणी काढणारा तिसरा जयकेशी. त्याची कीर्ती पहिल्याच्या पदरी घालून चालणार नाही.

डिचोलीतील नार्वे येथे सप्तकोटेश्वरापुढे उभे राहणाऱ्यानेही हेच भान ठेवावे. हे दैवत कदंबांचे, पण मूळचे देवस्थान दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते उद्ध्वस्त केल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला आला. डिचोली आणि पेडणे हे मुलूख पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणून तेथे त्याला आसरा मिळाला. नार्व्याचे देऊळ शिवछत्रपतींच्या आज्ञेने १६६८ साली बांधावयास घेतले, असे तेथला शिलालेख सांगतो. कोणत्याही जयकेशीने ते पाहिलेले नाही.