जोशीबुवांचा वाढदिवस

कॉम्प्युटर ऑफिसात नवा नवा आला, तेव्हा त्याचा थाट दिवाळसणाला आलेल्या जावयासारखा होता. साहेबांना पंखा, पण ह्याला एअरकंडिशनर. ह्याच्या खोलीत जायचे ते चपला बाहेर काढून. एवढे सोवळे पाळूनही ‘मशीनला व्हायरस झालाय’ अशी वार्ता एक दिवस पसरली, तेव्हा आमच्या हेडक्लार्कनी पहिला प्रश्न केला, “चपला घालून आत कोण गेलं होतं?”

चपलांचा काही दोष नव्हता. दोष फ्लॉपीचा. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, चौकोनी पाकिटात शिवलेली सव्वापाच इंची काळी चकती, पोटात 360 किलोबाइट मजकूर. हल्लीच्या मोबाइलमधला एक फोटोही तीत मावायचा नाही. पण ती उसनी मागता येत असे, आणि जी वस्तू उसनी मिळते ती विकत घेणे आपल्याकडे उधळपट्टीत मोडते. विरजणासारखी ती ह्या टेबलावरून त्या टेबलावर जाई. आणि विरजणच ते! चमचाभर गेले की अख्खे पातेले दही.

मशीन सुरू होताना फ्लॉपीचा जो पहिला तुकडा वाचते त्याला बूट सेक्टर म्हणतात. (बूट! म्हणजे हेडक्लार्क अगदीच चुकले नव्हते.) व्हायरस नेमका तिथे बसायचा. आयबीएमच्या धाटणीच्या पीसींवर जगभर पसरलेला पहिला व्हायरस ‘ब्रेन’, 1986 सालचा, आणि तो अमेरिकेतला नव्हे, लाहोरचा. बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोघे भाऊ त्याचे जनक. आपले प्रोग्रॅम लोक फुकट उतरवून घेतात म्हणून हा उपद्व्याप, असे त्यांचे म्हणणे. ब्रेन मूळ बूट सेक्टर दुसरीकडे हलवी, स्वतः त्याच्या जागी बसे, आणि कोणी तपासायला आले की मूळ प्रत पुढे करी. पोटभाडेकरूने घरमालक आला की खऱ्या भाडेकरूला दारात उभे करावे, तसे! गंमत म्हणजे इतके लपणाऱ्या ह्या व्हायरसच्या पोटात दोघा भावांनी आपले नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवला होता. परदेशांतून फोन आले तेव्हा भाऊच चकित झाले. 2011 साली मिक्को हिप्पोनेन हा फिनलंडचा तज्ज्ञ त्याच पत्त्यावर गेला, तर दोघे तिथेच भेटले.

चार वर्षांनी, 1990 साली, भारतात सापडला ‘जोशी’. हे मी रचून सांगत नाही, त्याचे नावच जोशी. वर्षभर गुपचूप बसायचा आणि 5 जानेवारीला मशीन अडवून पडद्यावर हुकूम सोडायचा: ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करा. केले, की मशीन सुरू. ना देणगी, ना पेढे. आमच्या ऑफिसात तीन जोशी होते आणि तिघांकडेही संशयाने पाहिले गेले. सर्व्हिस बुकात मात्र तिघांचीही जन्मतारीख 1 जून निघाली. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली.

आता वाढदिवसाच्या दोन शब्दांत काम भागत असताना लोकांनी काय करावे? घाबरून हार्ड डिस्क फॉरमॅट करावी! त्यात वर्षाचे हिशेब गेले, कोणाचा प्रबंध गेला, आणि जोशी जागच्या जागी राहिला. कारण तो डिस्कच्या अगदी सुरुवातीला, विभागांचा तक्ता असतो तिथे बसे, आणि डॉसचे साधे फॉरमॅट तिथपर्यंत पोचतच नसे. पाल मारायला घर पाडले, पाल कुंपणावर. त्या काळात व्हायरसपेक्षा व्हायरसच्या धास्तीने जास्त नुकसान केले, असे माझे तरी मत आहे.

खरा इलाज सोवळ्याचाच होता. एक फ्लॉपी निर्मळ असताना बाजूला काढायची, तिच्या कडेच्या खाचेवर कागदी चिकटपट्टी लावायची. मग ड्राइव्ह तीवर काही लिहूच देत नसे. मशीन बटण दाबून पूर्ण बंद करायचे. कंट्रोल-आल्ट-डिलीटने नव्हे, कारण जोशी त्यातूनही जिवंत राही. मग त्या सोवळ्यातल्या फ्लॉपीवरून सुरू करून औषध द्यायचे.

हे औषध पुण्यातही तयार झाले. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीला लागले होते. पुढे दुरुस्तीला येणारे कॉम्प्युटर बघावेत तर व्हायरसने बेजार. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटरचेच शिकत होता, त्याने उतारा लिहायला घेतला. 1995 साली त्यांची कंपनी निघाली, उतारा ‘क्विक हील’ नावाने विकला गेला, आणि 2016 साली ही कंपनी शेअर बाजारात गेली. लाहोरला दोन भाऊ, पुण्याला दोन भाऊ. भाऊबंदकीत इतकी विधायक विभागणी सहसा होत नाही.

फ्लॉपी गेली आणि तिच्याबरोबर जोशीही गेला. त्याच्यामागून आलेल्या मंडळींचे मागणे मात्र वाढत गेले. 12 मे 2017 ला ‘वॉनाक्राय’ सुटला, त्याने जगभरच्या मशीनींतल्या फायलींना कुलूप घातले आणि किल्लीचे 300 डॉलर मागितले. इंग्लंडातल्या इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्यांनी फायलींची एक प्रत मशीनपासून वेगळी ठेवली होती, त्यांनी ती पुन्हा भरली आणि कामाला लागले. बाकीच्यांना ‘हॅपी बर्थडे’ लिहून पाहायचीही सोय नव्हती.