पातळ धातुपत्र्यातील मार्गदर्शित तरंग : गणितापासून दोषशोधापर्यंत (१९१७–१९९१)

वस्तूस इजा न करता तिच्यातील दोष शोधण्याच्या अविध्वंसक परीक्षणात श्राव्यातीत (अल्ट्रासोनिक) ध्वनीला महत्त्वाचे स्थान आहे. मात्र त्याची नेहमीची प्रतिध्वनी पद्धती पातळ पत्र्यापुढे अपुरी पडते. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर असल्याने १ मेगाहर्ट्झ कंप्रतेला तरंगलांबी सुमारे ६ मिलिमीटर होते. पत्रा २ मिलिमीटर जाडीचा असल्यास भेगेचा आणि मागील पृष्ठाचा प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात.

या अडचणीचे उत्तर गणितात आधीच उपलब्ध होते. मँचेस्टर येथील प्राध्यापक होरेस लॅम्ब यांनी १९१७ मध्ये स्थितिस्थापक पट्टीतील तरंगांचे विवेचन प्रसिद्ध केले. पट्टीची दोन्ही पृष्ठे तरंगाला आत कोंडून लांबीच्या दिशेने नेतात. त्याचे सममित व प्रतिसममित असे प्रकार असून वेग कंप्रता आणि जाडी यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. त्याच सुमारास फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ पाणबुड्यांच्या शोधासाठी क्वार्ट्झ स्फटिकाद्वारे श्राव्यातीत ध्वनी निर्माण करीत होते. हे दोन प्रवाह एकत्र येण्यास मात्र दीर्घकाळ लागला.

या विलंबाचे कारण केवळ उपेक्षा मानणे योग्य ठरणार नाही. सोव्हिएत संघात सोकोलोव्ह यांनी १९२८ च्या सुमारास धातूतील दोषशोधाची कल्पना मांडली. अमेरिकेत फायरस्टोन यांनी १९४० मध्ये प्रतिध्वनी उपकरणाच्या एकस्वासाठी अर्ज केला. परंतु पत्र्यात एकाच वेळी अनेक प्रकारचे तरंग निर्माण होतात आणि प्रवासात पसरत जातात. पडद्यावरील कोणता संकेत भेगेचा, हे सांगणे कठीण होते. हॅनफर्ड येथील अणुकेंद्रात काम करणाऱ्या वर्ल्टन यांनी १९६१ मध्ये मेगाहर्ट्झ कंप्रतांना लॅम्ब यांच्या सिद्धांताची प्रायोगिक पुष्टी दिली. प्रकार वेगळे करण्याची प्रभावी रीत १९९१ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील अ‍ॅलेन व कॉली यांनी द्विमितीय फूरिये रूपांतरातून दाखविली. संगणकाशिवाय ती व्यवहारात आणणे अवघडच होते.

पातळ पत्र्यातील न दिसलेल्या भेगेची किंमत २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये प्रत्ययास आली. ८९,६८० उड्डाणे झालेल्या बोईंग ७३७ विमानाच्या छताचा मोठा भाग आकाशात उखडला आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. पत्र्यांच्या जोडावरील अनेक रिव्हेटांच्या छिद्रांपाशी लहान भेगा वाढल्या होत्या. अशा जोडाची तपासणी एकेका रिव्हेटपाशी करणे कष्टाचे असते. मार्गदर्शित तरंग जोडाच्या बाजूने बराच पल्ला एका दमात पार करतो. अर्थात, निर्दोष रिव्हेटही तरंग परावर्तित करतो, आणि त्यातून भेगेचा क्षीण संकेत निवडण्यातच या पद्धतीची खरी कसोटी आहे.