सत्ताच हसू लागते तेव्हा

‘येस मिनिस्टर’ या मालिकेचा पहिला भाग बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर २५ फेब्रुवारी १९८० रोजी दाखवला गेला. तो तयार झाला होता १९७९मध्येच. पण त्या वर्षी मे महिन्यात ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक होती. या विनोदाचा मतदारावर परिणाम होईल, या धास्तीने तो थांबवून ठेवण्यात आला. प्रत्यक्षात मालिकेतल्या मंत्र्याच्या पक्षाचे नाव शेवटपर्यंत कुठेच येत नाही. प्रहार पक्षावर नव्हताच. तो राज्यकारभाराच्या रीतीवर होता.

अँटनी जे आणि जोनाथन लिन या लेखकांना ही रीत कुठे दिसली? रिचर्ड क्रॉसमन हे १९६४ साली विल्सन यांच्या मंत्रिमंडळात गृहनिर्माण खात्याचे मंत्री झाले. सचिव तोंडाने होकार देतात आणि काम मात्र आपल्या मनासारखे करून घेतात, हा अनुभव त्यांनी रोजनिशीत टिपून ठेवला. १९७४मध्ये त्यांचे निधन झाले. रोजनिशीचे प्रकाशन रोखण्यासाठी सरकार न्यायालयात गेले. १९७५मध्ये न्यायालयाने मनाई नाकारली. बंद दाराआडचा कारभार असा वाचकांपुढे आला. शिवाय लेखकांना बर्नार्ड डोनोह्यू आणि मार्शिया विल्यम्स यांच्यासारख्या, पंतप्रधानांच्या कार्यालयात वावरलेल्या माणसांकडून माहिती मिळत होती. त्यामुळे पाहणाऱ्याला अतिशयोक्ती वाटावी असे बरेच काही घडलेल्या गोष्टींवर बेतलेले होते.

मंत्री जिम हॅकर, सचिव सर हंफ्री ॲपलबी आणि दोघांच्या कात्रीत सापडलेला खासगी सचिव बर्नार्ड वूली. यांतला एकही खलनायक नाही. मंत्र्याचे लक्ष उद्याच्या वर्तमानपत्रावर आणि पुढच्या निवडणुकीवर असते. सचिव मात्र निवृत्तीपर्यंत तिथेच असणार. त्याचे हे स्थैर्य १८५४च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालापासून घडत आले. वशिल्याऐवजी स्पर्धापरीक्षा आणि गुणांनुसार बढती, असा त्या अहवालाचा आग्रह होता. त्याच वर्षी मेकॉलेच्या समितीने हिंदुस्थानातल्या सनदी सेवेसाठीही परीक्षेचीच शिफारस केली. वशिलेबाजीवरचा तो उताराच होता. मात्र ज्याला कोणी हलवू शकत नाही, त्याला हळूहळू कोणाची गरजही वाटेनाशी होते. १९८१च्या एका भागात एका रुग्णालयात पाचशे कर्मचारी आहेत आणि रुग्ण एकही नाही. सचिवाला त्यात वावगे काही दिसत नाही. कारण कारभार सुरळीत चालला आहे.

या उपहासाची खरी कसोटी लागली ती कौतुकातून. पंतप्रधान मार्गारेट थॅचर या मालिकेच्या चाहत्या होत्या. जानेवारी १९८४मध्ये एका पुरस्कार समारंभात त्यांनी दोन्ही मुख्य नटांना सोबत घेऊन स्वतःच एक छोटा प्रवेश सादर केला. त्यात पंतप्रधान अर्थतज्ज्ञांनाच मोडीत काढायला निघतात. नटांना हा प्रकार फारसा रुचला नव्हता. पंतप्रधानांना अखेर विनोदी मालिकांच्या क्षेत्रात आपले योग्य स्थान मिळाले, असे म्हणत लिन यांनी त्यांचे जाहीर आभार मानले. सभागृह हसले, पण प्रश्न उरला. नोकरशाही अडवणूक करते, हे सांगणारा विनोद नोकरशाहीला कापू पाहणाऱ्या सत्तेला सोयीचाच होता. हॅकरच्या भित्रेपणावरचे हसू मागे पडले आणि सचिवावरचे तेवढे वर आले.

२००१मध्ये हीच मालिका ‘जी मंत्रीजी’ या नावाने हिंदीत आली. फारुख शेख मंत्री, जयंत कृपलानी सचिव. प्रसंग भाषांतरित करता येतात. सत्तेचा तोल तसा उचलून आणता येत नाही. हॅकरला आपला सचिव मनात येईल तेव्हा हलवता येत नाही. आपल्याकडे राज्यघटनेचे कलम ३११ अधिकाऱ्याला मनमानी बडतर्फीपासून वाचवते, बदलीपासून नाही. म्हणून तर महाराष्ट्राला २००५ साली बदल्यांचे नियमन करणारा कायदा करावा लागला. तोंडी आदेशांवर अधिकाऱ्यांनी काम करू नये, ते लेखी नोंदवावेत, हे २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. सर हंफ्रीचे सारे बळ कागदात होते; आपल्याकडे कागद होऊ न देण्यातच बळ मानले गेले.

‘येस मिनिस्टर’च्या आदल्याच वर्षी, १९७९मध्ये, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी ‘सिंहासन’ केला. तेंडुलकरांच्या त्या पटकथेत सत्तेचा साक्षीदार आहे दिगू टिपणीस हा पत्रकार, म्हणजे मंत्रालयाबाहेरचा माणूस. बर्नार्ड आतला. तो पाहतो, अवघडतो आणि पुढची फाईल उचलतो. दिगूला पाहिलेले पेलत नाही. ब्रिटिश विनोद सत्तेला आरसा दाखवतो आणि तिला त्यात स्वतःचे रूप आवडू लागते. ‘सिंहासन’चा शेवट पाहून कोणा मुख्यमंत्र्याला दिगूसोबत रंगमंचावर उभे राहावेसे वाटले नसते. उपहासाची धार मोजायची तर ही खूण पुरेशी आहे.