सीओपीडी : व्यक्तिनुरूप उपचार

दीर्घकालीन अवरोधी फुप्फुसविकार म्हणजेच सीओपीडी. या विकारात लहान श्वासनलिका जाड व अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती झिजतात आणि आत घेतलेला श्वास पूर्ण बाहेर पडत नाही. निदान स्पायरोमेट्रीने होते. श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन रुग्णाला जोराने फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा एकूण हवेच्या 70 टक्क्यांहून कमी भरली, तर अडथळा आहे असे मानतात. 2016 मध्ये भारतात या विकाराचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असावेत, असा अंदाज आहे.

एकच नाव असले तरी हा विकार सर्वांमध्ये सारखा नसतो. तरुणपणापासून बिडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसात बहुधा वायुकोशांचा नाश जास्त आढळतो, तर जन्मभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बाईमध्ये लहान श्वासनलिकांची हानी अधिक दिसते. पूर्वी क्षयरोग झालेला असेल तरीही असा अडथळा मागे राहू शकतो. अल्फा-1 अँटीट्रिप्सिन या प्रथिनाची जन्मजात कमतरता हे आणखी एक कारण. ते 1963 मध्ये स्वीडनमधील लॉरेल आणि एरिक्सन यांनी दाखवून दिले. सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीकडे लक्ष वेधणारा संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांचा लेख 2009 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. साळवींचे काम पुण्यातले. ‘गोल्ड’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या 2023 च्या अहवालात धूर, संसर्ग, आनुवंशिकता अशा कारणांनुसार सीओपीडीचे वेगळे प्रकार नोंदले आहेत.

आधी उपचार जवळजवळ केवळ स्पायरोमेट्रीच्या आकड्यावर ठरत. 2011 पासून ‘गोल्ड’ने धाप किती लागते आणि वर्षभरात दुखणे किती वेळा बळावले, यांनाही महत्त्व दिले. 2016 मध्ये अल्वार अगुस्ती आणि सहकाऱ्यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. रोगाच्या नावाला औषध देण्याऐवजी त्या रुग्णात उपचार करता येण्याजोग्या कोणत्या गोष्टी आहेत त्या शोधाव्यात आणि एकेकीवर इलाज करावा, अशी ही मांडणी आहे. या गोष्टी फुप्फुसातल्याच असतात असे नाही. घटलेले वजन, हृदयविकार, नैराश्य, सुरू असलेले धूम्रपान हेही त्यात येते.

सर्वांत उपयोगी ठरलेली खूण साध्या रक्ततपासणीत मिळते. श्वासावाटे घेण्याचे स्टेरॉइड सरसकट देणे चुकीचे आहे, कारण त्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो. दुखणे वारंवार बळावत असेल आणि रक्तात इओसिनोफिल पेशी प्रति मायक्रोलिटर 300 किंवा अधिक असतील, तर त्याचा फायदा होण्याची शक्यता जास्त. 100 हून कमी असतील तर फारच थोडी. आपल्याकडे मात्र हा आकडा जपून वाचावा लागतो. पोटात जंत असले तरी इओसिनोफिल वाढतात, आणि क्षय होऊन गेलेल्या रुग्णाला स्टेरॉइड देण्यापूर्वी अधिक विचार करावा लागतो. श्वासनलिका रुंदावणारी दीर्घ परिणामाची औषधे हा बहुतेकांच्या उपचाराचा पाया असतो. त्यांनी भागले नाही तर पुढची निवड रुग्ण पाहून होते. सतत कफ पडणाऱ्या आणि फुप्फुसाची क्षमता निम्म्याहून कमी असलेल्याला रोफ्लुमिलास्ट देतात. अझिथ्रोमायसिन दीर्घकाळ देणे मुख्यतः धूम्रपान सोडलेल्यांना लाभते; त्याआधी ईसीजी आणि कानांची तपासणी करतात. डुपिलुमॅब हे जैविक औषध 2024 मध्ये युरोप आणि अमेरिकेत मान्य झाले, तेही इओसिनोफिल वाढलेल्या रुग्णांपुरतेच. ते अतिशय महाग आहे.

रुग्णाची निवड किती निर्णायक असते, हे अमेरिकेतील एका शस्त्रक्रिया-चाचणीने 2003 मध्ये स्पष्ट केले. फुप्फुसाचा खराब भाग काढल्यावर, वरच्या खंडात झीज आणि व्यायामक्षमता कमी असलेले रुग्ण अधिक जगले. झीज सर्वत्र सारखी पसरलेल्या आणि फुप्फुसाची क्षमता फारच घटलेल्या रुग्णांत मात्र शस्त्रक्रियेनेच मृत्यू वाढले. ऑक्सिजनचेही तसेच आहे. विश्रांतीतही रक्तातील ऑक्सिजन 88 टक्के किंवा त्याखाली असलेल्याला तो रोज किमान 15 तास दिल्यास आयुष्य वाढते. त्याहून बरी पातळी असलेल्यांना असा फायदा 2016 च्या चाचणीत आढळला नाही.

व्यक्तिनुरूप उपचार म्हणताच महागड्या जनुकीय चाचण्या डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात सर्वाधिक दुर्लक्षित भाग श्वासावाटे औषध घेण्याच्या पंपाचा (इनहेलरचा) आहे. पावडरचा पंप जोरात आणि झटकन ओढावा लागतो, फवाऱ्याचा सावकाश आणि खोल. जोर उरलेला नसेल त्याला पावडर पोहोचत नाही. संधिवाताने बोटे आखडलेल्या आजींना फवारा दाबता येत नाही. फवारा दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ ज्यांना जमत नाही, त्यांना स्पेसर (पंप व तोंड यांच्यामधली नळी) लागतो. पंपाची सवय लागते या भीतीने अनेक घरांत तो बंद केला जातो. ती भीती निराधार आहे. बिडी-सिगारेट बंद करणे, धूरमुक्त स्वयंपाक, फ्लू व न्यूमोकॉकसच्या लशी आणि श्वसन-पुनर्वसनाचा व्यायाम यांची गरज जवळपास प्रत्येकाला असते. व्यायामाचा वेग मात्र ज्याच्या त्याच्या दमाप्रमाणे ठरवतात. रुग्णाने प्रत्येक भेटीला पंप बरोबर न्यावा आणि तो कसा घेतो ते डॉक्टरांसमोर करून दाखवावे.